रविवारच्या दोन रिंगा

विद्यानगर, हैदराबाद
शुक्रवार, २० ऑगस्ट १९९९

प्रिय त्रिवेणीताई,

हे पत्र मी तुझ्या मैत्रिणीच्या, श्रुतीच्या दुकानात नेऊन तिच्या हातात देणार आहे. तू कुठे राहतेस ते मी तिला विचारणार नाही आणि तिनंही मला सांगू नये. सगळ्यात महत्त्वाचं आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचायला सवड मिळाली नाही तरी चालेल. या रविवारी रिंग द्यायला त्या एसटीडी बूथवर जाऊ नकोस. दाजींना तो बूथ कळला आहे.

आता कसा कळला ते सांगतो. तू दाजींचं घर सोडलंस तेव्हापासून आईचा रविवार तुझ्या रिंगांवर चालतो, हे तुला मी मागेच सांगितलं होतं. सकाळी ती मेथीची नाहीतर गोंगुऱ्याची जुडी घेऊन फोनजवळ निवडत बसते. फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. ती मान वर करत नाही, नुसतं “झालं” म्हणते आणि कुकर लावायला उठते. त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर पडतं. बाबांना आम्ही हे कधी सांगितलं नाही. का, ते तुला माहीत आहे. दोन वेळा तू आलीस आणि दोन्ही वेळा त्यांनीच तुला ऑटोत बसवून दाजींकडे परत पोचवलं. “संसारात होतं असं,” म्हणाले. तिसऱ्या वेळी दाजींनी तुझी बोटं मोडली तेव्हा तू आमच्याकडे आलीच नाहीस, ते बरं केलंस.

बाबांना वाटायचं, हे ब्लँक कॉल आहेत. आपली धाकटी ज्योती आता कॉलेजला जाते. रस्त्यातली पोरं नंबर मिळवतात, फोन करतात आणि ठेवून देतात, असं गल्लीतल्या प्रत्येक घरात चाललं होतं. त्यात बाबांचं काय चुकलं? मुलीचा बाप आहे, काळजी करणारच. त्यांनी अर्ज करून ती नवी सोय घेतली आणि कोठीच्या बाजारातून एक डबी आणून फोनला जोडली. साबणाच्या वडीएवढी आहे. फोन वाजला की तिच्यावर करणाऱ्याचा नंबर उमटतो. मी घाबरलो, तेव्हा आई म्हणाली, “आपण उचलतच नाही, मग त्यात काय दिसणार?” आणि ताई, मलाही ते पटलं. तुलाही पटलं असतं. रिंग देऊन ठेवायची हे आपण सगळेच करतो. गावाहून सुखरूप पोचलो, रिंग. खाली येऊन उभा आहे, रिंग. ज्याचं बिल येत नाही तो फोन झालाच नाही, असं आपल्याला वाटतं. त्या डबीला तसं वाटत नाही. न उचललेला फोनसुद्धा ती जपून ठेवते.

बुधवारी संध्याकाळी दाजी आले. (दाजी लिहायचं नव्हतं, पण दुसरं काय लिहू ते सुचत नाही.) उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आले, बाबांच्या पाया पडले, तुझी काही खबर आहे का म्हणून हळू आवाजात विचारलं. बाबांना त्यांच्यापुढे नेहमीच अपराधी वाटतं. बोलायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी डबी दाखवली. येईल त्या प्रत्येकाला ते दाखवतात. “बघा, आता कुणी लपू शकत नाही,” म्हणत बटण दाबत गेले. दाजी वाकून बघत होते. एकच नंबर, दर रविवारी, सकाळचा. बाबा म्हणाले, “हा एक लोफर आहे. रिंग देतो आणि ठेवतो.” दाजी हसले. “थांबा बाबा, विचारतोच त्याला.” त्यांनी तिथूनच नंबर फिरवला, आणि बाबांनी मोठ्या हौसेनं नव्या फोनचं ते स्पीकरचं बटण दाबलं, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

पलीकडचा माणूस चांगला होता, ताई. म्हणूनच सगळं बिघडलं. “हाँ जी, दिलसुखनगर, बस स्टॉप के सामने का एसटीडी, बोलो भई.” दाजींनी विचारलं, इतवार को कौन फोन करता जी यहाँ से? तो म्हणाला, “अरे वो टीचरम्मा? बहुत शरीफ है बिचारी. दो रिंग देती, रख देती. मैं पैसे भी नक्को बोलता. उंगलियाँ टेढ़ी हैं ना उनकी, बटन दबाने को तकलीफ होती, कभी कभी मैंइच दबा देतुं.” हॉलभर त्याचा आवाज. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो ट्रे खाली ठेवला नाही की पुढेही आली नाही, तशीच उभी राहिली. दाजींनी “शुक्रिया भई” म्हणून फोन ठेवला, आईच्या ट्रेमधला एक कप स्वतः उचलला, बशीत ओतून सावकाश प्यायले आणि बाबांना म्हणाले, “रविवारी मीच जातो तिला आणायला. तुम्ही कशाला त्रास घेता.”

ते गेल्यावर आई बाबांना पहिल्यांदा एवढं बोलली. “तुमच्या पोरीचा श्वास होता तो. लोफर म्हणालात त्याला.” बाबांनी डबीतले सेल काढले आणि ती कपाटात ठेवली. मग म्हणाले, “मला कुणी सांगितलं होतं का?” काल मी डबी विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. रविवारचे नंबर तिच्यातून पुसता आले असते, हे बाबांना दाखवून द्यायचं होतं, किंवा मलाच बघायचं होतं, नीट सांगता येत नाही. तो म्हणाला, “पुसता येतात की, डबीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय. वाचलं नाही का?” पुस्तक इंग्रजीत आहे. माझं शिक्षण किती झालं ते तुला माहीत आहे. मला मराठी नीट लिहायला तू शिकवलंस, तेवढंच येतं.

काल संध्याकाळीच नारायणगुड्याला ग्राहकांची एक सभा होती, या नव्या सोयीवरच. चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून मी तिथे गेलो. मेधा म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई बोलल्या. त्यांना एक माणूस वर्षभर फोन करून नुसता श्वास ऐकवायचा. डबीमुळे सापडला, त्यांच्याच बिल्डिंगमधला निघाला. “माझ्या घरात कोण शिरतंय हे मला कळलंच पाहिजे,” म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. मग एक म्हातारे गृहस्थ, प्रतापराव, उठून म्हणाले की फोन करणाऱ्याचीही काही अडचण असू शकते, त्याला नंबर झाकायचा असेल तर? मागून कुणीतरी ओरडलं, “काका, तुमचं कुठं जमलंय का?” सगळे हसले. दुसरा म्हणाला, सरळ माणसाला झाकायचं काय असतं? तेव्हा माझा हात वर गेला. माइक माझ्याकडे आला. मला सांगायचं होतं की सरळ माणसालाही झाकायचं असतं, कधी कधी त्यालाच जास्त. पण आपल्या गल्लीतले दोघं पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांनी वळून बघितलं. मी विचारलं, “डबीचे सेल किती दिवस टिकतात?” पुन्हा हसू. माइक पुढे गेला. सभा छान झाली असं बाहेर पडताना लोक म्हणत होते.

आज सकाळी दाजी दुकानात आले. गिऱ्हाईक म्हणून आले, फ्रेम बघितल्या. मग मी भिंग घासत होतो तिथे आत येऊन उभे राहिले आणि मशीनवरच्या माझ्या हातांकडे बघत राहिले. “रविवारी ती आली नाही, तर तिला कुणी सांगितलं ते मला कळेल,” म्हणाले. “मग तुलाच पत्ता सांगावा लागेल, गौतम.” आवाज अजिबात चढवला नाही. मशीन चालू होतं. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

ताई, बूथवर जाऊ नकोस हे सांगायला चार ओळी पुरल्या असत्या. एवढं लिहिलं ते पुढच्यासाठी. तू बूथवर विश्वास ठेवलास, आईनं न उचललेल्या फोनवर ठेवला, बाबांनी डबीवर. आता तू माझ्यावर ठेवू नकोस. आज मी सांगितलं नाही, पण ते परत येतील, आणि त्या वेळी मी काय करीन ते मला खरंच माहीत नाही. मला वेदना सोसत नाहीत, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. मला श्रुतीचं दुकान माहीत आहे, एवढंही जास्त आहे. म्हणून तिलाही न सांगता दिलसुखनगर सोड. या शहरातच राहू नकोस. कुठूनही रिंग देऊ नकोस, पत्र लिहू नकोस, पोचलीस हेसुद्धा कळवू नकोस. मला विचारतील तेव्हा माहीत नाही हे उत्तर खरं असलं पाहिजे, नाहीतर माझ्याकडून ते टिकणार नाही. आईला मी आजच सांगणार आहे की यापुढे फोन वाजला नाही म्हणजे तू सुखरूप आहेस असं समजायचं. ती हो म्हणेल. मग कुणाच्या तावडीत सापडून तू गप्प झालीस, तरी आमच्याकडे त्याचाही अर्थ सुखरूप असाच होईल. याहून चांगली सोय मला सुचली नाही.

इथून पुढे तुझा पत्ता नसलेला, तरी तुझाच,
गौतम