चौथं कडवं

गुरुजी, टेबलावर तुमची दोन बोटं वाजायची, टक् टक्, टक् टक्, ते अजून कानात आहे. ओळ चालीत यायची आणि शेवटच्या शब्दाआधी तुम्ही थांबायचात, बोटं मात्र चालूच. तो शब्द वर्गानं भरायचा. एकदा मी 'गाणे'च्या यमकाला 'दाणे' ठोकून दिलं. ओळ बसली, वर्ग खूश. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "वजन बसलं रे, पण कवीनं तिथं दाणे पेरलेच नव्हते. आपलं ते आपल्या नावावर म्हणावं."

तुमच्या त्या वयाच्या मी कधीच पुढं गेलोय. शेवगावच्या आपल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, आणि तुमची गोदाघाटावरची कविता मी म्हणावी, असं सगळ्यांचं मत पडलं. माझ्या वहीत तिची तीनच कडवी. चौथं "नंतर देतो" म्हणाला होतात. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारी माझी नात आली होती. तिला म्हटलं, या वहीतल्या गुरुजींच्या साऱ्या कविता मशीनला दे आणि ते कडवं खणून काढ.

ती हसली. "आजोबा, खणून निघतं ते आत असलेलंच. गुरुजींच्या कवितांत 'नदी'शेजारी कोणता शब्द सारखा येतो, हे हुडकणं म्हणजे डेटा मायनिंग. वहीत नसलेलं कडवं त्यातून कसं निघेल?"

"मग ते मशीन लर्निंग?"

"ढीगभर ओळी दाखवायच्या, पुढचा शब्द ओळखायला लावायचा, चुकला की सुधारायचा. करता करता अंदाज येतो त्याला."

म्हणजे तुमचा वर्गच की, गुरुजी.

"आणि एआय हे सगळ्यांत मोठं नाव. माणसाची अक्कल लागते ती कामं यंत्राकडून करून घ्यायची. लर्निंग हा तिथं जायचा एक रस्ता. ते कडवं लिहून देईल, आजोबा. पण ते गुरुजींचं नसेल. तसं सांगा मात्र."

मशीननं कडवं लिहून दिलं. मी सांगितलं नाही. चारही कडवी तुमची म्हणून म्हटली. टाळ्या झाल्या, दोघा-तिघांनी डोळे पुसले. मला काहीच वाटलं नाही. खाली बसलो, द्रोणातला शिरा खाल्ला, एसटीनं नगरला परतलो. आठवडा झाला. लाज वाटेल म्हणून वाट बघतोय, तीही येत नाही. एक मात्र कबूल करतो. गुणगुणायला गेलं की चौथंच आधी ओठांवर येतं. तुमची तीन आठवावी लागतात.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांची बाई, हातात पिशवी.

"मी गुरुजींची धाकटी. पुनतांब्याहून आले. मेळाव्याचं कुनीतरी मोबाईलवर पाठवलं, दादा. आई जाईस्तोवर म्हनायची, शेवटचं कडवं त्यांना सुचलंच न्हाई. अन् तुमच्यापाशी हुतं व्हय! तेवढं लिहून द्या. तसबिरीखाली लावते."

तिला खुर्चीवर बसवलंय. कागद शोधतो म्हणून आत आलोय, आणि हे लिहीत बसलोय.