आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची नाशकात! फ्लॅट झकास आहे, गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, कॉलेज दहा मिनिटांवर. माणसं मात्र देवा रे! समोरच्या उज्वलाताईंनी पहिल्याच चहात माझा पगार, लग्न, वजन, सगळं विचारून घेतलं. पुण्यात कुणाची टाप नव्हती. डिप्रेशनची गोळी न चुकता घेतली. दोन वर्षं तिच्याच जोरावर उभी आहे, पण हे त्या बाईला कळलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळेल.

७ नोव्हेंबर
पुस्तकांची खोकी उचलताना कमरेत उसण भरली. डॉक्टरकडे गेले, तर तिथला थाट बघा. वेळ वाचावा म्हणून तीन-तीन पेशंट एकदम केबिनमध्ये! एक खुर्चीत, दोघं बाकावर कान टवकारून. बाकावर कोण? उज्वलाताई, गुडघा घेऊन. डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का. मी ठणकावून नाही म्हटलं.

मेडिकलवाला योगेश त्याहून शहाणा. चिठ्ठी वाचून म्हणे, मॅडम, ही अफूच्या जातीची कडक गोळी, डिप्रेशनचं औषध चालू असेल तर घेऊ नका, दोन्ही मिळून जिवावर बेततं. चार गिऱ्हाइकांसमोर! मी वेडी दिसते का, असं विचारून त्याचं तोंड बंद केलं. घरी येऊन गोळी घेतली. कंबर मोकळी झाली.

१० नोव्हेंबर
घाम, जुलाब. हात इतका थरथरतो की फळ्यावर एक ओळ सरळ येईना. इथली मिसळ, दुसरं काय! त्यात कंबर पुन्हा धरली. दुखणं वाढलं तर त्या गोळ्या दोन घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. घेतल्या. सकाळची नेहमीचीही घेतली.

११ नोव्हेंबर, सकाळ
पाय आपोआप उडतायत. छातीत धडधड. ताप एकशे तीन. योगेश म्हणाला ते— छे. तो कोण लागून गेला मोठा!

दुपार
गॅलरीत कुणीतरी उभं आहे. नाही, पडदा. परत उभं— जबडा आवळलाय. डॉक्टरांना फोन लावायचाय, बोट आकड्यावर टिकत नाही. घाबरलेय मी. खूप घाबरलेय.

पडले. आवाज ऐकून उज्वलाताई आल्या. रडतेय ती बाई, माझ्यासाठी. रिक्षा खाली आहे म्हणते. सारखं विचारतेय, मृण्मयी, पोरी, काय घेतलंस, कुठल्या गोळ्या— जीभ वळत नाही. हीच वही पुढे धरलीये. लिहिते ताई, सगळं लिहिते. कमरेची ती, आणि रोज सकाळी मी