मडक्यातले एकवीस दिवस

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन चौथा महिना लागला. इतके दिवस तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही. आज सकाळी मडक्यातला एक मासा मेला आणि मी दौत ओढून बसले.

वहिनी तुमची माशांची काचपेटी विकायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, राहू द्या, मी बघेन. त्यांनी जाळं माझ्या हातात दिलं. अठरा वर्षांनी, अण्णा!

मला हे सगळं शिकवलं कुणी? तुम्हीच ना? नवरा गेल्यावर तुमच्या घरी आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही मद्रासेहून तांबडे मासे आणलेत आणि म्हणालात, यांच्याशी तरी बोल. विहिरीचं पाणी रात्रभर ठेवून मग घालायचं. पितळेच्या भांड्यात साठवायचं नाही. आणि आपल्या कुंभकोणात घरात पितळेशिवाय दुसरं असतं काय? दोन मिनिटांत संपेल तेवढंच खाणं टाकायचं. मासा दगडाला अंग घासू लागला, की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. त्या दोन वर्षांत मी पुन्हा हसायला लागले होते.

मग तुम्ही तिरुविसनल्लूरच्या तळ्यातले दोन मासे आणलेत आणि त्याच दुपारी पेटीत सोडलेत. आठवड्याभरात सगळ्यांच्या शेपट्यांवर रव्यासारखे पांढरे कण. पंधरा दिवसांत पेटी रिकामी. वहिनींच्या आई मुक्कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "विधवेचा हात रोज पाण्यात. दुसरं काय होणार?"

मी तुमच्याकडे पाहिलं. शाळेत मुलांना भिंगातून पाण्याचा थेंब दाखवणारे तुम्ही! हसून उडवून लावाल, असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कावेरी, तू आता तिकडे जाऊ नकोस."

आधी पेटीपासून दूर, मग देवघरापासून, मग रुक्कूच्या पाळण्यापासून. तुमची लेक चालायला लागून स्वतःच माझ्याकडे आली, तोवर मी तिला उचललं नव्हतं. तुमच्या कधी लक्षात आलं होतं का?

गेल्या महिन्यात रुक्कूच्या नवऱ्याने पापनाशमहून दोन मासे आणले. मी ते मागच्या ओसरीवरच्या मडक्यात वेगळे ठेवले, तुम्ही ठेवायचात तसेच. सहाव्या दिवशी त्यांच्या अंगावर तेच कण. पेटीत माझा हात रोज जातो, तिथे एकाही माशावर नाही! मी जाडं मीठ थोडं थोडं वाढवत नेलं, रोज पाणी बदललं, मडक्यातलं जाळं पेटीत बुडू दिलं नाही. एक आज गेला. दुसऱ्याचं अंग स्वच्छ झालंय.

मडक्यापाशी बसल्या बसल्या मनात आलं, तुम्ही हे मडकं कधीपासून ठेवायला लागलात? पेटी रिकामी झाली, त्यानंतरच्या पहिल्याच खेपेपासून. नवा मासा एकवीस दिवस मडक्यात, मगच पेटीत.

म्हणजे रोग कुठून आला ते तुम्हाला कळलं होतं.

मला सांगायला काय लागत होतं, अण्णा? एक वाक्य!

तुम्ही दुष्ट नव्हतात. माझ्या विषमज्वरात तुम्ही उशाशी बसून राहिलात, तेही मी विसरलेले नाही. तुमच्या सासूबाईंसमोर आपली चूक कबूल करणं जड गेलं असेल. पण त्या जाऊनही बारा वर्षं झाली. त्यानंतर कुणाची भीड होती?

वर्षश्राद्धाला सगळे जमतील. जेवणं उरकली की मासे कशाने मेले ते मी सांगणार आहे. वहिनींना आत्ताच कल्पना दिलीय. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची चूक काढतेस?" मी म्हटलं, "माझी काढलीत तेव्हा मी जिवंत होते, वहिनी. समोरच उभी होते."

पेटीची काळजी करू नका, ती मी नीट सांभाळेन. पण सांगायचं ते सांगेनच, हे तुम्हाला वचन. रागवायचं असेल तर आताच रागवा. मी ऐकायला बसले आहे.

तुमची धाकटी बहीण,
कावेरी