गळत्या पानाचा अर्थ रद्द करण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त भाषाशिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यकृत ठिकाणावर नाही, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गच्चीवरचा निम्मा हक्क, मुलाला द्यावं. भिंतींना कोणता रंग लावावा याबद्दल सूनबाईला मी जिवंतपणी पुष्कळ बोलून घेतलं आहे. आता तिला हवा तो लावू दे.

२. शब्दकोशाचे तिन्ही खंड शाळेच्या ग्रंथालयाला द्यावेत. मात्र भूगोलाच्या सरांच्या हाती पडू देऊ नयेत. त्यांनी नेलेली माझी छत्री अजून परत आलेली नाही.

३. माझ्या नणंदेला काहीही देऊ नये. माझी थोरली गेली तेव्हा ही बाई दारातच म्हणाली, "सुटली बिचारी." सव्वीस वर्षांची पोर कशातून सुटली, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

४. मी लिहिलेल्या परीक्षा-मार्गदर्शकाचे सर्व हक्क मुलाकडे जातील, एका अटीवर. पान बेचाळीस काढून टाकावं. प्रकाशक ऐकत नसतील तर पुस्तक छापणंच बंद करावं. कारण सांगणं भाग आहे.

त्या पानावर ऋतूंच्या कवितेचा अर्थ आहे. कविता आठ ओळींची. बहर येतो, ऊन तापतं, झाड उघडं पडतं आणि शेवटी कवी म्हणतो, 'गळत्या पानाला विचारू नका, कुठे निघालंस.' तेहतीस वर्षं मी फळ्यावर चार मुद्दे लिहून दिले. सौंदर्य क्षणभंगुर असतं. म्हणूनच ते मोलाचं असतं. बदल अटळ आहे. तो हसत स्वीकारावा. मुद्द्याला एक गुण. चार मुद्दे दिसले की पुढचं मी वाचतही नसे.

थोरली माझ्याच वर्गात होती. तिने लिहिलं, 'कवी घाबरला आहे. पानाने खरं सांगितलं तर आपल्याला ऐकवणार नाही, म्हणून तो विचारू नका म्हणतो.' चारपैकी एकही मुद्दा नव्हता. मी शून्य दिलं. वर शिक्षकांच्या खोलीत मिरवलं, की पोटच्या पोरीलाही मी सूट देत नाही.

बारा वर्षांनी दवाखान्यात तिने माझा हात धरला. "आई, मला विचार ना."

"काय विचारू, बाळा?"

"भीती वाटते का, ते."

आणि मी काय बोलावं? "अगं, ऋतू बदलतात, म्हणून झाड काय रडत बसतं? हसत राहायचं."

"चारपैकी चार, आई," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली. पुढचे तीन दिवस पाणी मागण्यापलीकडे ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी गेली.

मला ऐकवणार नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. दुसरं काही कारण नाही. पान बेचाळीस खोटं आहे आणि ते दरवर्षी नव्याने छापलं जातं.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तोवर फार उशीर होईल, म्हणून या कलमाची प्रत मुलाला आजच देत आहे. बाबा रे, तू रोज संध्याकाळी उशाशी बसतोस, "आज चेहऱ्यावर तजेला आहे हं" म्हणतोस आणि हवापाण्याच्या गोष्टी काढतोस. तुझा दोष नाही, तूही माझ्याच हाताखाली शिकलास. पण आता पुरे. खुर्ची जवळ ओढ आणि मला विचार. मला मरायचं नाही रे. फार भीती वाटते. हे कोणालातरी सांगून मग जायचं आहे.

सही: (वेडीवाकडी, पण माझीच आहे)
स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.
साक्षीदार दुसरा: वरच्या मजल्यावरचा शिंपी. माझ्याही समोर.

कलम पाचची प्रत मिळाली. उद्या वाचतो. — मुलगा