कुणाच्या सांगण्यावरून

पारनेर, ९ जानेवारी २०२६

ती. लीनामावशीस,
शि. सा. न.

वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता आक्काबाई थांबल्या. पिशवी कुणाच्या सांगण्यावरून काढली, असं मी विचारलं होतं. इथे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लिहा ‘डॉक्टरच्या’, तुमाला बरं वाटंल. मी लिहिलं.

मी विचारलेल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी डॉक्टरच सांगितला. तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढण्यामागे गरज किती आणि घातलेली भीती किती, हा विषय मी मोकळ्या मनाने घेतला होता. उत्तर एकाच बाजूला पडलं. शोधनिबंधाचा मसुदा सोबत आहे. महिनाअखेर परिषदेला पाठवायचा आहे.

तू आणि आई याच ऑपरेशनसाठी एकाच वर्षी, एकाच डॉक्टरकडे गेलात. आई परत आली नाही. तुझाही जबाब हवा. पत्रानेच कळव, फोनवर आपण दोघी एकदम बोलतो.

माया माझ्यावर कर, मसुद्यावर नको.
तुझी निवेदिता


भंडारदरा, १६ जानेवारी

चि. निवेदितास,
अ. आ.

मसुदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या आईसारखेच, नशिबावर सोडलेले. सुधारले आहेत. निबंधात तिचं नाव कुठेच नाही, तरी प्रत्येक पानावर ती पाठमोरी उभी दिसली.

माझा जबाब असा. मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणत होते, वर्षभर गोळ्या घेऊन बघा. मीच ऐकलं नाही. अंगावरून इतकं जायचं की कितीतरी वर्षं मी गडद साड्या नेसून शिकवलं. फळ्यावर लिहायला वर्गाकडे पाठ करायची भीती वाटे. ऑपरेशननंतर मोतिया रंगाची साडी नेसले आणि फळा भरून लिहिलं.

तुझ्या प्रश्नात मला कुठे बसवशील?

तुझी आई कुणाच्या सांगण्यावरून गेली, मला माहीत नाही. आम्ही बहिणी सगळं बोलायचो, हे बोललो नाही. आणि मीही एका बाजूचीच आहे, हे धरून चाल. मी जगले.

इथे सकाळी धुकं धरणाच्या पाण्यावरून उठतं आणि अंगणापर्यंत येतं. रागावलीस तरी लिही.
लीनामावशी


पारनेर, २७ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

रागावले होते, म्हणून उशीर.

आईची पिशवी काढणार, असं ऐकून लहानपणी मी बाजाराची निळ्या काठाची पिशवी धान्याच्या कोठीत लपवली होती. कुणाला सापडू नये म्हणून. काल ती स्वप्नात आली. तुझ्या धरणावर तरंगत होती. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. आई काठावर बसली होती. मी विचारत होते, कुणाच्या सांगण्यावरून. ती पिशवी ओढून घ्यायची, आत हात घालायची आणि एकेक शेंग मला द्यायची. जाग आली तेव्हा माझी ओंजळ तशीच होती.

मला दोषी डॉक्टर हवा होता. दारी आलेलीला रिकामं पाठवायचं नाही, म्हणून बायकांनी तो दिला. तो दोषी असेलही. पण हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी मागून घेतलेलं आहे.

निबंध या महिन्यात जात नाही. यंदाची परिषद गेली. पहिल्याच पानावर लिहिलं आहे, की या ऑपरेशननंतर संशोधिकेची आई वारली आणि मावशी बरी झाली. आता सगळ्यांकडे पुन्हा जायचं. प्रश्न एवढाच: पिशवीचं कसं कसं झालं?

मोतिया साडी अजून असेल तर माझ्यासाठी ठेव, आणि लोभही.
निवेदिता

ता. क. २८ जानेवारी. पत्र टाकायचं राहिलं होतं. सकाळी आक्काबाईंकडे गेले. नवा प्रश्न विचारला. त्यांनी आधी मलाच विचारलं, तुमच्या आईची पिशवी हाय का अजून. मी सांगितलं. मग त्यांनी सोलायच्या शेंगांचं सुपडं माझ्याकडे सरकवलं आणि बोलू लागल्या.