जंक्शनवर दोन रात्री

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चोर! सख्खा भाऊ आणि चोर!

सकाळी ऑफिस उघडून केर काढतेय तोच घड्याळजी फोन नाचवत आत आले. समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करतात, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दर वर्षीची त्यांची सहल मीच आखून देते. म्हणाले, बघा, तुमच्या भावानं काय सुंदर सांगितलंय. बघितलं. धाकटा कुठल्याशा डोंगराकडे पाठ करून उभा, केस वाऱ्यावर, आणि सांगतोय — सहल आखताना गावांपासून सुरुवात करू नका. तुमच्यात सगळ्यात हळू चालणारं जे माणूस आहे, त्याच्यापासून करा. ते दमेल तिथे मुक्काम. ते उठेल तेव्हा सकाळ.

हे माझं आहे! शब्द न् शब्द माझा! या टेबलासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते. कुठे जायचंय, किती दिवस, किती पैसे — सगळं नंतर. आधी सांगा, तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं? लोक एकमेकांकडे बघतात. मग कुणी आजीकडे बोट दाखवतं, कुणी पोटुशा सुनेकडे, कुणी वाटेतला प्रत्येक दगड उचलून बघणाऱ्या पोराकडे. पुढचं सगळं मी त्या माणसाशीच बोलते. माझं पोट या एका प्रश्नावर चालतं. जेवताना मी आईला हेच सांगत असायचे आणि धाकटा शेजारी बसून मुकाट जेवायचा. मला वाटायचं, गुणी आहे.

घड्याळजींना म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार!

बुधवार, ७ फेब्रुवारी

तो व्हिडिओ म्हणे लाखभर लोकांनी पाहिला. माझ्या ऑफिसात आज एकच माणूस आला. झेरॉक्स मिळते का विचारायला.

शनिवार, १० फेब्रुवारी

धाकटा घरी आला. पायात नवे बूट. आईसाठी शाल आणली, माझ्यासाठी काही नाही. बरंच झालं, तोंडावर फेकली असती.

सरळ विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? म्हणाला, "ताई, लोकांना नाव नको असतं, चेहरा लागतो. तू राहशील कॅमेऱ्यापुढे उभी?" मी म्हटलं, मला कामं असतात. तर म्हणतो, मग? जसं काही प्रकरण मिटलंच!

वर मलाच धडे. म्हणे, ताई, तू एकेका कुटुंबासाठी नव्यानं आखत बसतेस तिथेच चुकतेस. एकदा आखलेली सहल शंभर जणांना विकायची. हॉटेलवाल्यांकडून टक्के घ्यायचे. अरे शहाण्या, हॉटेलवाल्याचे टक्के घेतले की त्याच्या गळक्या नळाबद्दल बोलायला आपल्याला तोंड उरत नाही. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते त्या तोंडासाठी. हे त्याला तो कॉलेजात असताना सांगितलं होतं. तेवढं बरं विसरला! बाकी सगळं पाठ!

आई आमच्या मधे पडली नाही. शालीची घडी मोडायची, पुन्हा घालायची, एवढंच चाललं होतं तिचं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आता शिकवणी काढलीय त्यानं. 'फिरता फिरता कमवा'. फी भरा आणि घरबसल्या शिका. पहिला धडा फुकट होता म्हणून पाहिला. तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्या दिवशी काही बघायचं नाही, फक्त पोचायचं — माझं. खोली फोटोवरून ठरवू नका, फोन करून विचारा की खिडकी कशावर उघडते. पलीकडचा माणूस अडखळला तर समजा भिंतीवर उघडते — माझं. फिरण्यातून कमवायचं असेल तर दहा गावांबद्दल बोलू नका, एकच गाव धरा, तिथला रिक्षावाला, औषधाचं दुकान, पाणी कधी येतं, सगळं तोंडपाठ करा, मग लोक आपणहून विचारत येतात — माझं, माझं, माझं! त्याचं स्वतःचं काय आहे त्यात? केस.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेच्या सहलीला हा डबा विसरून निघाला होता. मी बसमागे धावत जाऊन खिडकीतून आत दिला. आणि हा आता लोकांना आखणी शिकवणार.

आणि ऐका — पान तेवढं ऐकतं माझं — स्वतःची सहलही जाहीर केलीय. एक तारखेला निघायचं, आधी डोंगर, मग तळं, शेवटी समुद्र. घड्याळजी जाताहेत! म्हणाले, तुमच्याच घरातलं आहे, तुम्हाला काही वाटणार नाही. नाही हो. कशाला वाटेल! पिकतं तिथे विकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आईसुद्धा!

भाजी वाढता वाढता सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मी जातेय धाकट्याबरोबर. माझ्या हातातला घास हातात राहिला. तिचे गुडघे, तिची औषधं, बाथरूममध्ये धरायला दांडी लागते — आहे का यातलं काही त्याला ठाऊक? सगळं ठाऊक आहे म्हणाली. मी म्हटलं, तो तुला कॅमेऱ्यापुढे हळूहळू चालवणार आणि टाळ्या घेणार. बघा, सगळ्यात हळू चालणारी माझी आई! तू त्याची जाहिरात आहेस.

आई म्हणाली, असू दे जाहिरात. जाहिरातीला समुद्र दिसतो ना?

मी म्हटलं, सीझन संपला की मी तुला नेणारच होते. तर म्हणाली, "हो. सीझन संपला की." आणि भाजीचं भांडं झाकून ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दिवसभर आईशी बोलले नाही. तिच्या लक्षातही आलं नाही. बॅग शोधत होती.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज त्याची आखणी हाती लागली. आईनंच फोन पुढे केला, बघ म्हणाली, काही चुकलंय का. चष्मा लावून बसले. मनात म्हटलं, आता सापडलास बेट्या.

सुरुवात नीट आहे, ते कबूल करावं लागेल. डोंगरावर दोन दिवस, दुपारची झोप धरून. तळ्याकाठचं हॉटेल तळमजल्याच्या खोलीचं. आणि मग? शुक्रवार-शनिवार, दोन रात्री — जंक्शन! जंक्शनवर दोन रात्री! मी दोनदा वाचलं. तिथे आहे काय? रेल्वेचं यार्ड, गोदामं, मालट्रकांच्या रांगा. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्या गावावरून शेकडो माणसं पाठवली असतील, त्या गावाला एकही नाही. आपल्याकडून संध्याकाळी सुटणारी गाडी सकाळी तिथे पोचते, एवढाच त्या गावाचा गुण. तळ्यावरून समुद्राला जायचा सरळ रस्ता सोडून हा माणूस लोकांना वाकड्या वाटेनं जंक्शनवर नेतोय आणि वर दोन रात्री कोंडून ठेवतोय! नवशिक्यासुद्धा हे करणार नाही.

खरं सांगू? आनंद झाला. आधी आनंद, मग आनंद झाला म्हणून राग.

आईला म्हटलं, एक चूक आहे आणि ती हत्तीएवढी आहे. दोन रात्री काय बघणार तिथे, मालगाड्या?

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला चूक वाटते का ती?" मी म्हटलं, वाटते म्हणजे? आहेच. तिनं फोन परत घेतला आणि चष्मा पुसत बसली. त्याला आधी सांगावं का? नाही सांगणार. पडू दे तोंडावर. सगळ्यांसमोर पडू दे.

शुक्रवार, १ मार्च

गेली.

औषधांचे दिवसवार पुडे मी करून दिले. त्याच्यावर कोण विसंबणार? धाकटा गाडी घेऊन दाराशी आला, मी वर खिडकीतच उभी राहिले. त्यानं वर बघून हात केला. मी पडदा सारखा केला.

रविवार, ३ मार्च

त्याचे व्हिडिओ बघायचे नाहीत असं ठरवलंय. आज तीन पाहिले.

आई तळ्याच्या पायऱ्या उतरतेय. शाल तीच. धाकटा तिच्या एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, उलटा उतरतोय. हात धरलेला नाही, नुसता पुढे केलेला. हेही माझंच! गुडघे दुखणाऱ्याचा हात ओढायचा नसतो, पुढे नुसता धरायचा असतो. चोरी तरी किती बारकाईनं करावी माणसानं!

आई हसत होती. दात दिसेपर्यंत.

आणखी एक मूर्खपणा दिसला. गाडीत पुढची खिडकीची जागा रिकामी. गाडीतली सगळ्यात चांगली जागा, तिच्यावर नुसती पाण्याची बाटली ठेवलेली! धंदा करायला निघालेत आणि एक जागा विकता येईना. मी असते तर ती पहिली गेली असती.

मंगळवार, ५ मार्च

आज एक कुटुंब आलं. चार दिवसांत सहा गावं हवीत. मी म्हटलं, सहा गावांच्या पाट्या बघून याल, गावं नाही. दोन करा. बाई पटकन म्हणाल्या, व्हिडिओतही असंच सांगतात हो! कुठल्या व्हिडिओत ते मी विचारलं नाही. त्यांनाही तोच प्रश्न टाकला, सगळ्यात हळू कोण? नवरा म्हणाला, मी. दुकान बंद करून निघायलाच मला चार दिवस लागतात. सगळे हसले. मीही हसले आणि त्याला आखून दिलं — बाकीच्यांनी पुढे जायचं, ज्या गावी त्याची गाडी पोचते तिथे त्याच्यासाठी थांबायचं. काम चोख झालं. पैसे दिले, धन्यवाद म्हणाले, गेले.

घरी येऊन चहाचे दोन कप काढले. एक परत ठेवला. घर काय खायला उठतं, हे आईला सांगायला हवं. नको, उगाच शेफारेल.

गुरुवार, ७ मार्च

राहवलं नाही. धाकट्याला लांबलचक मेसेज लिहिला. त्यात सगळं घातलं. चोरी, टक्के, रिकामी जागा, आणि शेवटी जंक्शन. लिहिलं की उद्या तू लोकांना जिथे नेऊन टाकणार आहेस तिथे बघायला काहीही नाही, जेवायला धड जागा नाही, घड्याळजी तुझं डोकं खातील, आणि आईला तिथे दोन रात्री ठेवणं हा गाढवपणा आहे. आखणी म्हणजे काय हे तुला कधीच कळलं नाही, कळणारही नाही.

तासाभरानं उत्तर आलं. "हो ताई."

हो ताई! दोन शब्द! एवढ्या लिहिण्याला दोन शब्द! फोन गादीवर आपटला. जमिनीवर आपटणार होते, पण तो फुटला असता आणि आईचा फोन आला असता तर कळलं नसतं.

शुक्रवार, ८ मार्च

दुपारी आईचा फोन. पोचलो म्हणाली जंक्शनला. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, आधी ऐक.

"निघायच्या आधी त्यानं मला विचारलं, आई, आपल्या घरात सगळ्यात हळू कोण चालतं? मी म्हटलं, ताई. कधीची मागे राहिलीय."

ती म्हणाली, पुढची जागा पहिल्या दिवसापासून तुझी आहे, त्यानं विकलीच नाही. घड्याळजींसकट सगळ्यांना माहीत आहे. तुला विचारलं असतं तर सीझन म्हणाली असतीस. म्हणून तुझी गाडी येते तिथे थांबलो. मी म्हटलं, पण दोन रात्री?

"एक तुझी वाट बघायला. एक तू दमलेली असशील म्हणून."

मी म्हटलं, आणि माझं नाव? माझं सगळं चोरलं त्यानं, त्याचं काय? म्हणाली, त्याचं मी काय सांगू, इथे येऊन त्याच्याशी भांड. मालगाड्या भरपूर आहेत, बघत भांडा.

बॅग भरतेय. राग तसूभर कमी झालेला नाही. ऑफिसच्या दारावर चिठ्ठी लावली, सोमवारी उघडेल. मग काढली आणि मंगळवारी असं लिहून पुन्हा लावली.