काचेच्या खोलीतला बा

नांदेड, मंगळवार

याडी, माझे माय, तुला देविदासचा रामराम.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून ही चिठ्ठी तांड्यावर परत येणाऱ्या विकासजवळ देऊन राहिलो. आपल्या शितलकडून वाचून घे.

बाचा ताप उतरला न्हाई, पण वाढलाबी न्हाई. आयसीयूतच त्याला काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलंय. त्याच्या अंगातल्या जंतूंवर नेहमीची औषधं चालत न्हाईत, म्हणून दुसरं जालीम औषध सलाईनमधून देऊन राहिले. ते जंतू हातांवरून दुसऱ्या आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना लागतात. तवा तांड्यावरच्या माणसांना जीप करून भेटायला येऊ देऊ नको.

भाकरीसंगं तू घरात उरलेल्या गोळ्यांची पुरचुंडी पाठवलीस, ती डॉक्टरला दाखवली. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या जपून ठेवायच्या अन् शेजारी ताप आला की द्यायच्या, असं आपल्याकडं चालतं. डॉक्टर म्हणे, त्यानंच जंतू निबर होतात. बाला त्यामुळंच झालं असं काही न्हाई, दवाखान्यातबी असे जंतू असतात. तू मनाला लावून घेऊ नको. फक्त घरातल्या गोळ्या आता कोणाला देऊ नको.

म्हैस व्याली का?

बा ओळखतो का, असं विचारलंस. आत जाताना मला गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे घालावे लागतात. काल त्यानं मला हात जोडले. म्हणाला, "साहेब, भायेर माझं पोरगं बसलंय. ते जेवलं का बघा."

मी म्हणलो, जेवलं.

तूबी जेवत जा.

तुझा देविदास